पुसल्यानंतरचा रकाना

जव्हार
१२ ऑक्टोबर २०२५

शायस्ता,

"पहिले पुसायचं, मग मोजायचं." तुझे अब्बा हे आपल्याला सांगायचे तेव्हा आपण नववीत होतो, आणि आपल्याला फक्त मीटरचा काटा हललेला बघायचा असायचा. मंसूरचाचा बाकड्यावर रेडिओ उघडा टाकायचे, तारेचं टोक पॉलिश पेपरने घासायला लावायचे आणि आपण घाई केली की मीटर हातातून काढून घ्यायचे. तारेवर मळ असला की काटा खोटं बोलतो बेटा, आणि बोलतो तेही थाटात. चाचांना जाऊन सहा वर्षं झाली. ते असते तर हे पत्र मी लिहिलं नसतं. दुकानात जाऊन त्यांच्यासमोर बसले असते आणि तुला पुण्याहून बोलावून घ्यायला त्यांनाच सांगितलं असतं.

फोन तू उचलत नाहीस. मेसेजला दोन निळ्या खुणा येतात आणि पुढे काही नाही. म्हणून कागद.

पोशेऱ्याची रामी. तुला आठवणार नाही. तू पोशेऱ्यात दीड तास होतीस आणि त्यातला अर्धा तास रेंज शोधत टेकाडावर उभी होतीस. रामी म्हणजे सुकीची सून, बावीस वर्षांची, पहिलं बाळंतपण, आठवा महिना. सप्टेंबरात आपल्या सूज मोजणाऱ्या पेनाने तिला तीन वेळा हिरवा दिवा दाखवला. अंगात जास्तीचं पाणी नाही, सूज नाही, काळजी नाही. तिसऱ्या हिरव्या दिव्यानंतर चौथ्या दिवशी तिला जीपमधून जव्हारला आणत होते. वाटेत तिला झटके आले.

रामी वाचली. मुलगी होती, ती वाचली नाही. रामीला दोन दिवसांनी शुद्ध आली तेव्हा सुकीने तिला सांगितलं. मी तिथे होते. ते मी तुला लिहून सांगणार नाही.

गोदा पोशेऱ्याची आशाताई आहे, अकरा वर्षं. तिने रामीच्या पायावर बोट दाबून पाहिलं होतं, पडलेला खड्डा भरत नव्हता. रामीच्या बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. नर्सबाई रक्तदाब बघायला पुढच्या आठवड्यात यायच्या होत्या. गोदा एरवी थांबली नसती. पण तुझ्या माणसाने प्रशिक्षणात सांगितलं होतं की डोळा फसतो, पेन फसत नाही. तीनदा हिरवा बघून तिने आपल्या डोळ्यांना गप्प बसवलं. आता ती मला म्हणते, "ताई, मी शिकलेली नाही म्हणून मशीनचं ऐकलं."

ती ते पेन पिशवीत गुंडाळून आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये घेऊन आली. पुढचं तुला समजेल अशा भाषेत लिहिते. माझा हात, साबणाने धुतलेला: एकोणचाळीस. त्याच जागी मोहाच्या बियांचं तेल लावून: एकवीस. कोरड्या कापसाने पुसून: चोवीस. कोमट पाणी आणि साबण: पुन्हा एकोणचाळीस. पंचेचाळीसच्या वर लाल दिवा लागतो. सुजलेल्या हातावर तेल असेल तर तो कधी लागेल, सांग.

हे तूच मला शिकवलंस. आमच्याच लॅबमध्ये, बटाट्याच्या कापावर टोक टेकवून. काडेपेटीतल्या काडीएवढी तांब्याची नळी, आत एक तार, दोन्हींच्या मध्ये पांढरं आवरण. टोकाशी जे टेकेल त्यात पाणी किती, ते परत येणारी लहर सांगते. पाण्याचा आकडा ऐंशीच्या जवळ, तेलाचा तीनही नाही. आणि टोक जितकं बारीक, तितकी त्याची नजर उथळ. तेलाचा पातळ थरसुद्धा त्याला भिंतीसारखा. तेव्हा तुझ्या पहिल्या पत्रकावर पाच पायऱ्या होत्या आणि पहिली होती, 'त्वचा कोमट पाण्याने व साबणाने पुसून कोरडी करा.' आशाताईंना वाटलेल्या पत्रकावर चारच आहेत.

ती पायरी तू काढलीस. जानेवारीत पोशेऱ्यात मोजलेल्या चाळीस नावांपुढे मी चाळीस वेळा शेरा लिहिला होता, 'त्वचेवर तेल.' तुझ्या अहवालात शेऱ्यांचा रकानाच नाही.

पेनं थांबव. तुझ्या एका मेलचं काम आहे.

अक्षदा


२९ ऑक्टोबर २०२५

शायस्ता,

तुझा मेसेज आला. भाऊबिजेच्या दिवशी, अकरा दिवसांनी. तो इथे उतरवून काढते, म्हणजे तुला स्वतःचंच वाक्य कागदावर कसं दिसतं ते कळेल.

"अक्षू, रामीबद्दल खूप वाईट वाटलं. पण इमोशनल होऊन चालणार नाही. पायरी डेटावरून काढली. सदतीस बायका, न पुसता आणि पुसून, दोन रकाने, फरक जवळजवळ शून्य. आणि दोन्ही रकाने तुझ्या अक्षरात आहेत."

अक्षू म्हणू नकोस. ते नाव तुझ्या घरातलं आहे, चाची हाक मारते ते. धमकीच्या वाक्यात ते चालत नाही.

आणि आपण चाळीस बायका मोजल्या होत्या. तू सदतीस लिहितेस.

त्या दिवशी संध्याकाळी फराळाचे डबे आवरताना मला ती बकऱ्याची कलेजी आठवली. तुझ्या भावाने, बासितने, खाटकाकडून आणली होती, तुझ्या पहिल्या टोकाची परीक्षा घ्यायला. तू तुमच्या ओट्यावर लॅपटॉप मांडलास, मी टोक धरलं, आणि प्रत्येक आकड्याला तू टाळी वाजवत होतीस. चाची मागे कढई घेऊन उभी. "तुमचं मोजून झालं असेल तर टाकू का?" म्हणाली. चाळिशीतल्या दोन बाया आपण, हसता हसता जमिनीवर बसलो. मी लॅब असिस्टंट, तू पुण्याची इंजिनियर, पण त्या ओट्यावर कुणी वरखाली नव्हतं. नवरा गेल्यानंतर मी इतकं पहिल्यांदाच हसले होते. तुझ्यावर राग धरताना मला ते सगळंही सोबत धरावं लागतं. त्याचाही राग येतो.

आता एक गोष्ट सांगते, जी मी पहिल्या पत्रात लिहिली नाही.

पोशेऱ्याच्या बायका रोज तेल लावत नाहीत. एवढं तेल असतं कुणाकडे? बिया वेचायच्या, फोडायच्या, वाळवायच्या, घाण्यावर न्यायच्या. ते तेल स्वयंपाकाला आणि सणाला. जानेवारीतल्या त्या सकाळी चाळीसच्या चाळीस हात चकचकीत होते, कारण आदल्या दिवशी मी गोदाला निरोप दिला होता, "पाहुण्या येणार आहेत, मोजणी आहे, सगळ्यांनी नीट होऊन या." मला आंघोळ, स्वच्छ लुगडं एवढंच म्हणायचं होतं. त्यांच्याकडे पाहुण्यांसमोर नीट होणं म्हणजे तेल. थंडी इतकी की तेल तुपासारखं थिजलेलं. त्यांनी ते चुलीशी विरघळवून कोपरापर्यंत चोळलं होतं.

पाहुणी तू होतीस.

मग पेनं आली, आणि पेनाच्या दिवशी तेल लावायचं हा पोशेऱ्याचा रिवाज होऊन बसला. रामीचे हात सुकी स्वतः चोळायची. हॉस्पिटलच्या बाहेर झाडाखाली बसून ती मला हे कौतुकाने सांगत होती, की सुनेच्या मोजणीत तिने काही कमी पडू दिलं नाही. "दर वेळी लावलं, बाई. तूच सांगितलं होतं ना, नीट होऊन या."

तर तो निरोप माझा. हे मी मान्य करते, लेखी. पण निरोपाने कुणाला अपाय झाला नसता. पुसलं असतं तर तेल निघून गेलं असतं, म्हणून तर पुसायची पायरी होती. ती तू काढलीस.

अक्षदा


८ नोव्हेंबर २०२५

तुझ्या घरी जाऊन आले. चाचीने चहा केला, खारी दिली, आणि मग तू पढवलेलं वाचून दाखवावं तशी म्हणाली की शायस्ता म्हणते, अक्षदाचा जळफळाट होतोय, पेनावर तिचं नाव नाही म्हणून. बोलल्यावर तिलाच अवघडल्यासारखं झालं. ती उठून उगीच भांडी लावायला लागली. आईच्या तोंडून हे वदवून घेताना तुला काही वाटलं नाही?

मला नाव नको होतं. नाव नव्हतं हे किती बरं, असं वाटून मी गेला महिनाभर स्वतःचीच लाज बाळगते आहे.

आरोग्य खात्याच्या ऑफिसात अर्ज दिला होता. साहेबांनी नीट ऐकून घेतलं. पण मी कॉलेजची लॅब असिस्टंट, आणि समोर तुझा छापील अहवाल. तो ज्यांच्या नावावर आहे त्यांनी लेखी मागे घेतला तर पेनं त्याच दिवशी गोळा करता येतील, म्हणाले. नाहीतर डिसेंबरात आणखी एकशेवीस वाटायची आहेत.

पोशेऱ्यात गोदा आता साबण-पाणी घेऊन फिरते, आणि पेन पिशवीतून काढतच नाही. खोडाळ्याच्या बाजाराला गेले तेव्हा तिकडच्या दोघी आशाताईंना मी गाठून सांगितलं. एकीने ऐकलं. दुसरी म्हणाली, "पत्रकात तसं नाही ना, ताई."

मी किती बाजार फिरू?

अ.


२३ नोव्हेंबर २०२५

शायस्ता,

हे शेवटचं. यात मी काही मागे ठेवणार नाही, म्हणून सावकाश वाच.

जानेवारीतल्या त्या सकाळी सुकी रांगेत चौथी होती. पहिल्या तिघींचे हात मी आधी तसेच मोजले, मग थर्मासमधलं कोमट पाणी, साबण, पंचा, आणि पुन्हा मोजले. तेविसाचा अडतीस झाला. बाविसाचा सदतीस. चोविसाचा चाळीस. घमेल्यातलं पाणी गढूळ झालं आणि त्यावर तेलाचा तवंग तरंगायला लागला. रांगेतल्या बायका ते बघत होत्या. आपसात त्यांच्या भाषेत काही बोलल्या.

सुकी बसली. पहिलं मोजमाप झालं. मी पंचा भिजवला तशी तिने हात मागे घेतला. माझ्याशी ती नेहमी शहरातल्या माणसांशी बोलतात तसं जपून बोलते. तेव्हाही आवाज चढवला नाही.

"बाई, मी घाण हाय का? तुमच्यासाठीच लावलं ना."

तू तेव्हा टेकाडावर रेंज शोधत होतीस.

मी तिला समजावू शकले असते. दोन वाक्यांचं काम होतं, गोदा होती भाषेला. पण माझ्या हातात तो ओला पंचा होता, आणि घरात सणालाही जपून वापरायचं तेल त्या बाईने आपल्यासाठी कोपरापर्यंत चोळलं होतं, आणि मी ते जव्हारहून आणलेल्या साबणाने धुऊन घमेल्यात टाकत होते. मला इतकी शरम वाटली की मी पंचा खाली ठेवला. नंतरच्या एकीलाही पुसलं नाही. सगळ्यांशी हसून बोलले, मुलाबाळांची चौकशी केली, एकेकदाच मोजलं आणि सोडलं. त्यांनी मला नागलीची भाकरी बांधून दिली.

पुसल्यानंतरचा रकाना मी दुपारी जव्हारला एकटीच परतताना गाडीत भरला. पहिल्या रकान्यातला आकडा उतरवायचा, दशांशात थोडं इकडेतिकडे करायचं. सदतीस वेळा. अक्षर सुरेख आलं आहे, तू पाहिलंच आहेस.

आपण दोघी पकडून आणलेल्या चोरांसारख्या एकमेकींच्या नजरेला नजर देत नाही आहोत ना, ते याच्यामुळे. कारण त्याच संध्याकाळी तू पुण्याच्या वाटेवरून फोन केलास, मी पाठवलेला रकान्यांचा फोटो बघून. "रकाने फारच जुळतायत गं," म्हणालीस. मी म्हणाले, हो. "तू पुसलंस ना?" मी म्हणाले, पुसलं. गाडीचा आवाज येत होता. आणि मग म्हणालीस, "बरं. मग पहिल्या तीन काढून टाकू. सुरुवातीला हात बसलेला नसतो."

पहिल्या तीन. शायस्ता, चाळिसांतली खरी मोजमापं तेवढीच होती, आणि तू नेमक्या त्याच काढल्यास.

मी खोटं बोलले. ते तुला ऐकू आलं. नववीपासून ओळखतेस तू मला, माझा आवाज खाली गेला की काय असतं ते तुला माहीत आहे. तरी तू मला दुसऱ्यांदा विचारलं नाहीस, कारण पुसण्याला प्रत्येक बाईमागे चार मिनिटं लागत होती आणि पेन एका मिनिटात चालतं हे तुला कुणाला तरी दाखवायचं होतं. माझी शरम तुझ्या सोयीची होती. वर्षभर मी स्वतःला सांगत आले की मी निदान एका बाईचा मान राखला. आणि तू सांगत आलीस की आकडे अक्षदाचे आहेत. चाचा असते तर दोघींच्या हातातून मीटर काढून घेतलं असतं.

परवा मी पोशेऱ्याला गेले. सुकी खळ्यावर नागली झोडत होती. रामी ओट्यावर बसून निवडत होती, तिचं अंग आता उतरलं आहे, बांगड्या सैल झाल्या आहेत. मी दोघींना सगळं सांगितलं. पंचा, रकाना, गाडीत बसून लिहिलेले आकडे. गोदाने मधले काही शब्द त्यांच्या भाषेत करून दिले. मला वाटलं होतं सुकी मला हाकलून देईल. मी त्याची तयारी करून गेले होते. खरं तर तेच हवं होतं.

सुकी काठी टेकून उभी राहिली. मग तिने विचारलं, "मी तसं बोलली म्हणून तू पुसलं नाय?"

मी म्हणाले, नाही, मला लाज वाटली म्हणून.

"मग तवाच सांगायचं," ती म्हणाली. "मी ऐकली नसती का?"

ती पुन्हा झोडायला लागली. रामीने सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला आणि उठून आत गेली. मी निघेपर्यंत ती बाहेर आली नाही. शायस्ता, मी ते दार बघत बसले होते. तुला मी राग, राग म्हणून लिहिते आहे, पण त्या दाराला काय म्हणतात ते मला माहीत नाही.

कॉलेजात प्राचार्यांना मी लेखी दिलं आहे की ते आकडे मी बनवले. चौकशी होईल, कदाचित नोकरी जाईल. ऑफिसातही प्रत दिली. पण अहवाल तुझ्या नावावर आहे. तुझ्या सहीचं पत्र येईपर्यंत मी फक्त एक अडचणीत सापडलेली लॅब असिस्टंट आहे, असं साहेब अगदी सौम्यपणे म्हणाले. डिसेंबरला आठ दिवस उरले. एकशेवीस पेनं.

म्हणून मागते. पुढच्या रविवारी, तीस तारखेला, पोशेऱ्याला ये. त्या चाळिसांतल्या एकतीस जणी यायला तयार आहेत. बाकीच्या भिवंडीकडे वीटभट्टीवर गेल्या. सुकी अंगणात पाणी तापवणार आहे, ती स्वतः म्हणाली. तुझं मोठं यंत्र आण, पेन नको. ते आधी जुळवून घ्यायला डिस्टिल्ड वॉटर मी लॅबमधून आणते. या वेळी मी लिहीन आणि पंचा तू धरशील. सुकीसमोर बसून, का पुसायचं आहे ते तिला तुझ्या तोंडाने सांगशील, ती विचारेल त्याचं उत्तर देशील, आणि मग तिने हात पुढे केला तर पुसशील. दोन्ही रकाने भरले की खाली दोघींच्या सह्या, आणि तिथूनच अहवाल मागे घेतल्याचं पत्र.

तू येणार नाहीस. वकिलाने नको म्हटलं असेल, पैसे घालणारे लोक नको म्हणतील, आणि त्यांनी नाही म्हटलं तरी तू त्या टेकाडावर चढून जाशील आणि रेंज मिळाली नाही म्हणशील. मी तुला ओळखते. तुझा आवाज खाली गेला की काय असतं ते मलाही माहीत आहे.

तरी जव्हारच्या स्टँडवर सकाळी सातला मी दोन पंचे घेऊन उभी असेन. ये.

अक्षू